पहिली पेटी, दुसरी पेटी : शाळेतल्या सूर्यचुलीचा आढावा

डिसेंबर-जानेवारीत तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेलं की एखादी तरी सूर्यचूल दिसतेच. पुठ्ठ्याचं खोकं, आतून काळा रंग, झाकणाला चिकटवलेली चकचकीत फॉइल आणि शेजारी रंगीत तक्ता. प्रदर्शन सभागृहात भरलेलं असतं, त्यामुळे चुलीला ऊन मिळत नाही. मुलं पाठ केलेली माहिती सांगतात, परीक्षक दोन प्रश्न विचारून पुढच्या टेबलाकडे वळतात. आतलं तापमान किती वाढलं होतं, असं विचारलं तर बहुधा उत्तर येत नाही, कारण खोकं उन्हात ठेवून कुणी मोजलेलंच नसतं.

याचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की माध्यमिक शाळेला साजेसा याहून चांगला प्रकल्प सहज सापडणार नाही. नववी-दहावीच्या पुस्तकातलं प्रकाशाचं परावर्तन, उष्णता, विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा, त्रिकोणाचे कोन हे सगळं एका पेटीत येतं. सुतारकाम येतं, स्वयंपाक येतो, आणि काम नीट झालं की नाही हे सांगायला शिक्षकाची गरज राहत नाही, कारण भात शिजतो किंवा कच्चा राहतो. पण शिकण्याचा खरा भाग पहिल्या पेटीत फारसा नसतो. पहिली पेटी मोजायची, ती कुठे उष्णता गमावते ते शोधायचं आणि त्या आधारावर दुसरी पेटी बांधायची, यात तो असतो. आपल्या बहुतेक शाळा पहिल्या पेटीपाशी थांबतात. सूर्यचुलीचा इतिहास, तिचं विज्ञान आणि शाळेतल्या अडचणी या तिन्हींकडे मला याच बाजूनं पाहायचं आहे.

सूर्याच्या उन्हानं तापणाऱ्या पेटीचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा केला तो जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानं, १७६७ मध्ये. एकात एक बसणाऱ्या काचेच्या पाच पेट्या त्यानं काळ्या पृष्ठभागावर मांडल्या, आणि सर्वांत आतल्या पेटीत ठेवलेली फळं शिजली. पुढे त्यानं लाकडी पेटी केली. आत काळा केलेला बुचाचा थर आणि वर काचेची तीन तावदानं होती. तिच्यात तापमान १०९ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं. सोस्यूर इथे थांबला नाही, म्हणून तो शाळेच्या कामाचा. त्यानं पेटी आल्प्समधल्या क्रामाँ पर्वताच्या माथ्यावर नेली आणि मग खाली, उबदार हवेत, तोच प्रयोग पुन्हा केला. वरची हवा खूपच थंड होती, तरी पेटीच्या आतलं तापमान दोन्हीकडे जवळपास सारखंच आलं. थंडीत सोलर कुकर चालत नाही, असं आपल्याकडे शिक्षकांनाही वाटतं. जानेवारीतल्या कोरड्या, निरभ्र दुपारी आणि मे महिन्यातल्या धुरकट दुपारी पेटी मोजून पाहिली तर सोस्यूरचा निष्कर्ष मुलं स्वतः काढू शकतात. १८३० च्या दशकात जॉन हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये आकाशाचं निरीक्षण करत होता. त्यानंही अशीच पेटी करून तिच्यात अंडी आणि मांस शिजवलं.

या इतिहासातलं एक पान थेट मुंबईचं आहे आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ते माहीत असायला हवं. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८७० च्या दशकात मुंबईत सरकारी नोकरीत होता. जळणाची टंचाई आणि वाया जाणारं ऊन त्याला रोज दिसत होतं. लाकडाचा अष्टकोनी शंकू करून त्यानं आतून आरसे लावले, मध्ये काचेच्या आच्छादनाखाली भांडं ठेवलं. सात शिपायांचा शिधा, मांस आणि भाज्यांसकट, या चुलीवर दोन तासांत शिजला, आणि तोही जानेवारीत. पुढे पुष्कळ सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यानं कुलाब्यात वाफेचं इंजिनही चालवलं. उष्ण प्रदेशात जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरण्यावरचं त्याचं पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच छापलं गेलं. वक्र आरसे महाग पडतात, लहान सपाट आरसे कोनात मांडले तर तेच काम होतं, ही त्याची मुख्य कल्पना होती. फ्रेमवाल्याकडचे आरशांचे तुकडे आणि कोनमापक एवढ्यावर आजही शाळेत ती करून पाहता येते. ज्या शहरात हे घडलं तिथल्या मुलांना सूर्यचूल परदेशातून आलेली वाटू नये.

स्वातंत्र्याच्या सुमाराला जमशेदपूरच्या एम. के. घोष यांनी पेटीची सूर्यचूल बाजारात आणण्याचा प्रयत्न केला. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं अन्वस्त आरशाची, म्हणजे तबकडीसारखी चूल तयार केली. तिची तेव्हा खूप चर्चा झाली, पण ती विकली गेली नाही. दर थोड्या वेळानं तबकडी सूर्याकडे वळवा, उन्हात उभं राहून ढवळा, डोळे दिपू देऊ नका, असला स्वयंपाक घरातल्या बाईला परवडणारा नव्हता. १९८१-८२ पासून केंद्र सरकारनं पेटीच्या कुकरला अनुदान दिलं. निळ्या-राखाडी पत्र्याची सूटकेससारखी पेटी, आत चार काळे डबे, झाकणात आरसा, ही तेव्हाची ओळखीची वस्तू. देशभरात असे ५ लाखांहून अधिक कुकर खपले. आपल्याकडे राज्य सरकारच्या महाऊर्जा या संस्थेनं त्यांचा प्रचार केला. आज ते फार थोड्या गच्च्यांवर दिसतात.

का दिसत नाहीत, हा प्रश्न वर्गात मांडण्यासारखा आहे आणि त्याचं उत्तर मुलांना घरातच मिळतं. आपल्या स्वयंपाकात फोडणी लागते, आणि पेटीत तेल फोडणीइतकं तापत नाही. भाकरी-चपातीला तवा लागतो. डबे सकाळी सातला भरायचे असतात, तेव्हा ऊन कोवळं असतं, आणि रात्रीचा स्वयंपाक सूर्य मावळल्यावर होतो. चाळीत आणि फ्लॅटमध्ये सहा तास उघडं ऊन मिळणारी जागा नसते. वरण, भात, उकडलेले बटाटे, रताळी, भाजलेले शेंगदाणे, रवा, ढोकळा, केक हे पेटीत उत्तम होतं. पण अर्ध्या स्वयंपाकासाठी दुसरी चूल ठेवायची, ही तडजोड गॅस पोचलेल्या घरानं स्वीकारली नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस खेडोपाडी पोचला, तेव्हा घरगुती सूर्यचुलीची बाजू आणखी लंगडी झाली. माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रातल्या घरोघरी सूर्यचूल जाईल या आशेवर शाळेचा प्रकल्प उभा करू नये. मुलांना खोटं स्वप्न विकल्यासारखं ते होतं. जिथे दुपारी, एकाच वेळी, खूप माणसांसाठी शिजवायचं असतं तिथे सूर्याची उष्णता टिकून आहे. शिर्डीच्या साई संस्थानात २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या गेल्या. वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेच्या या तबकड्यांच्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते आणि ती प्रसादालयाच्या स्वयंपाकघरात जाते. सहलीला शिर्डीला जाणाऱ्या शाळांनी दर्शनाबरोबर ती गच्चीही पाहून यावी.

आता पेटीकडे वळू. बांधायला ती सर्वांत सोपी आणि मोजायला सर्वांत समृद्ध. पुठ्ठ्याच्या पेटीला आजचं रूप अमेरिकेतल्या ॲरिझोनात बार्बरा केर आणि शेरी कोल या दोन शेजारणींनी १९७० च्या दशकात दिलं. कारखाना नाही, प्रयोगशाळा नाही, किराण्याची खोकी आणि काच एवढ्यावर त्यांनी करून पाहत पाहत रचना सुधारली आणि आराखडे खुले ठेवले. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सोलर कुकर्स इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली, ती याच चळवळीतून. फ्रान्सच्या रोजेर बेर्नार यांनी १९९० च्या दशकात पॅनेलची चूल मांडली. घडीच्या चकचकीत पुठ्ठ्यांमध्ये काळं भांडं आणि त्याभोवती पारदर्शक पिशवी, इतकीच ती असते. पॅनेलची चूल एका दुपारात होते आणि पाचवी-सहावीला पुरेशी आहे. पिझ्झाच्या खोक्याची चूल त्याहून खालची. तिच्यात चॉकलेट वितळतं, भात होत नाही. नववीच्या मुलाला ती देणं म्हणजे त्याच्या बुद्धीला कमी लेखणं. तबकडी माध्यमिक शाळेत मुलांच्या हाती देऊ नये, तिच्या नाभीपाशी कागद पेटतो आणि डोळ्यांना इजा होऊ शकते.

पेटी बांधण्याआधी वहीत एक हिशोब मांडायला हवा. पेटीचं तोंड ५० सेंटिमीटर लांब आणि तितकंच रुंद, म्हणजे पाव चौरस मीटर. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर ८०० वॅट ऊन धरलं तर पेटीवर २०० वॅट पडतात. काच थोडं परत पाठवते, भिंती गळतात, झाकणाच्या फटी गळतात. पावभाग हाती लागला तर ५० वॅट उरले. २०० ग्रॅम तांदूळ आणि ४०० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण १५० किलोज्यूल लागतात. सेकंदाला ५० ज्यूल या वेगानं ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. पुढे शिजायला तेवढाच वेळ धरा. हा हिशोब मुलांनी स्वतः केला की पेटीकडे बघण्याची त्यांची नजर बदलते. ५० वॅट म्हणजे घरातल्या पंख्याइतकी शक्ती. एवढ्या थोड्या पुंजीवर भात करायचा तर एकेक वॅट अडवावा लागतो.

यात सर्वांत मोठा चोर वाफ आहे, आणि तो बहुतेक पुस्तकांत येतच नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. भांड्याच्या सैल झाकणातून ५० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं तर ११३ किलोज्यूल गेले. भात उकळीपर्यंत आणायला लागलेल्या उष्णतेचा तीन चतुर्थांश हिस्सा फक्त झाकणामुळे गमावला. वर ती वाफ काचेवर आतून साचते आणि ऊन अडवते, ते वेगळंच. शिजण्याआधी आणि नंतर भांडं तराजूवर ठेवलं की ही चोरी ग्रॅममध्ये दिसते. पुठ्ठा, फॉइल, रंग यांवर वर्गाचा सगळा जीव असतो, आणि घट्ट झाकणाच्या डब्यानं त्या सगळ्यांपेक्षा जास्त फरक पडतो. अप्रकट उष्मा हा धडा शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसरी जागा काचेची. काच ऊन आत येऊ देते आणि आतली उष्ण प्रारणं बाहेर जाऊ देत नाही, हे वाक्य प्रत्येक तक्त्यावर असतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या आर. डब्ल्यू. वुड या भौतिकशास्त्रज्ञानं दोन सारख्या काळ्या पेट्या केल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधव मिठाचा पारदर्शक पत्रा. सैंधव मिठातून उष्ण प्रारणं सहज आरपार जातात. दोन्ही पेट्यांवर पडणारं ऊन आधी काचेतून गाळून घेतलं तेव्हा दोन्हींत सुमारे ५५ अंश तापमान आलं, फरक एका अंशाच्या आत. म्हणजे त्या तापमानाला आच्छादनाचं मुख्य काम गरम हवा अडवून धरणं हेच होतं. पण पेटी जास्त तापली की चित्र बदलतं. ५० अंशांवरचा काळा पत्रा दर चौरस मीटरमागे सुमारे ६२० वॅट उष्णता प्रारणांतून टाकतो, १२० अंशांवरचा सुमारे १३५० वॅट टाकतो. तिथे काचेचं दुसरं कामही मोलाचं ठरतं. शाळेत सैंधवाचा पत्रा मिळणार नाही, पण साधं पॉलिथिन मिळतं आणि तेही उष्ण प्रारणं बरीचशी जाऊ देतं. एका पेटीवर पॉलिथिन, दुसरीवर काच, तासभर दर पाच मिनिटांनी नोंद, आणि मग आलेख. कोणत्या तापमानापाशी दोन रेषा एकमेकींपासून दूर व्हायला लागतात ते मुलांनी शोधावं. मग एक काच आणि दोन काचा यांची तुलना, दोन काचांमध्ये बोटभर हवेची फट ठेवून. दुसरी काच थोडं ऊन खाते आणि पुष्कळ उष्णता वाचवते. हा व्यवहार फायद्याचा आहे का, याचं उत्तर पेटी किती तापते त्यावर अवलंबून आहे, आणि ते मोजूनच मिळतं.

भिंतींच्या आत भरायला आपल्याकडे साहित्याची ददात नाही. कोकणात आणि मावळात भाताचं तूस, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचा वाळलेला चोथा, विदर्भात कापूस, सगळीकडे जुनी वर्तमानपत्रं आणि जुनेर. या सगळ्यांत उष्णता अडवते ती कोंडलेली हवा. म्हणून ठासून भरलं की परिणाम घटतो, ओलं राहिलं की आणखी घटतो. थर्माकोल मात्र आतल्या बाजूला वापरू नये, १०० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आकसतो आणि वास सोडतो. फटी शोधायला उदबत्ती पुरते. पेटीत धूर कोंडायचा आणि तो कुठून निघतो ते पाहायचं. काळा रंग ओला असताना किंवा नवा असताना पेटीत अन्न शिजवू नये, एक पूर्ण दिवस पेटी रिकामी तापवावी आणि वास गेल्याशिवाय वापरू नये.

आरशाच्या कोनाबाबत आपल्या शाळांत हमखास अंदाजपंचे चालतं. खरं तर तो कोन दहावीच्या भूमितीतून नेमका काढता येतो. काच आडवी आहे, आरसा तिच्या उत्तरेकडच्या कडेला बिजागरीवर आहे आणि त्याची लांबी काचेइतकीच आहे असं धरा. आरशाच्या वरच्या टोकावर पडलेला किरण परावर्तित होऊन काचेच्या समोरच्या कडेवर पडला पाहिजे. आरसा, काच आणि तो किरण यांचा समद्विभुज त्रिकोण होतो. परावर्तनाचा नियम आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज वापरली की उत्तर येतं : आरसा आणि काच यांतला कोन म्हणजे ६० अंश अधिक सूर्याच्या उन्नतांशाचे दोन तृतीयांश. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, म्हणून आरसा ९२ अंशांवर, जवळजवळ ताठ उभा हवा. विषुवदिनी सूर्य ७१.५ अंशांवर, आरसा १०८ अंशांच्या जवळ. मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीच्या दिवशी सूर्य डोक्यावर, आरसा १२० अंशांवर, म्हणजे उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कललेला. प्रदर्शनातल्या बहुतेक चुलींचा आरसा डिसेंबरातही मे महिन्यासारखा मागे कललेला असतो, आणि परावर्तित ऊन काचेवरून पलीकडे निघून जातं. उभ्या काठीची सावली मोजून मुलं उन्नतांश काढतात, ओळंबा आणि कोनमापक लावून आरसा बसवतात आणि काचेवर पडलेला उजळ पट्टा पाहून आपलं गणित बरोबर आलं की नाही ते जागच्या जागी ओळखतात. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला हा सर्वांत सुंदर तास. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासानं पेटी वळवावी लागते, हेही त्याच तासात समजतं.

मोजण्याच्या साधनाचा एक व्यावहारिक मुद्दा सांगायलाच हवा. शाळेतल्या प्रयोगशाळेचा तापमापक साधारणपणे ११० अंशांपर्यंतच असतो. चांगली रिकामी पेटी त्याच्या पुढे जाते आणि तापमापक फुटतो. त्यात पारा असेल तर तो अन्नाच्या पेटीत सांडतो. तारेचा डिजिटल तापमापक किंवा बेकरीच्या भट्टीसाठी मिळणारा तापमापक घ्यावा. उन्हाची तीव्रता मोजायला महागडं यंत्र नको. छोट्या सौर पट्टीची दोन टोकं मल्टिमीटरला जोडली की मिळणारा विद्युतप्रवाह उन्हाच्या प्रमाणात बदलतो, दोन दिवसांची किंवा दोन पेट्यांची तुलना करायला तेवढं पुरतं.

तुलनेसाठी एक मापदंडही आयता आहे. दिल्लीच्या आयआयटीतले एस. सी. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पेटीच्या कुकरची चाचणी पद्धत मांडली आणि भारतीय मानक आयएस १३४२९ मध्ये ती आली. आरसा झाकायचा, रिकामी पेटी उन्हात ठेवायची, तळाच्या पत्र्याचं तापमान स्थिर झालं की त्यातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करायचं आणि उन्हाच्या तीव्रतेनं भागायचं. उत्तर ०.१२ किंवा अधिक आलं तर पेटी पहिल्या दर्जाची. हवा ३० अंश आणि ऊन ८५० वॅट असेल तर पत्रा १३२ अंशांवर जायला हवा. पुठ्ठ्याची पहिली पेटी सहसा इथवर पोचत नाही. ती किती मागे राहिली हा आकडा दुसरी पेटी बांधणाऱ्यांच्या हातात असतो, आणि तिथून अभियांत्रिकी सुरू होते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा मोजायचं.

एवढं सगळं शाळेच्या वेळापत्रकात बसवायचं कसं, ही खरी अडचण आहे आणि ती शिक्षकांवर ढकलून चालणार नाही. तास ३५-४० मिनिटांचा, भात दोन तासांचा. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि पहिले चार महिने पावसात जातात. मार्चमध्ये परीक्षा येते. पेटीला योग्य असे दिवस दिवाळीच्या सुटीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचे, आणि त्यातच स्नेहसंमेलन, सहल आणि क्रीडास्पर्धा असतात. यावर एक उपाय म्हणजे पावसाळ्यात हिशोब, आराखडा आणि सुतारकाम उरकायचं, नोव्हेंबरात मोजमाप करायचं, डिसेंबरात दुसरी पेटी. दुसरा उपाय म्हणजे तास जोडून घेणं. कार्यानुभवाचा आणि विज्ञानाचा तास लागोपाठ ठेवला, मधली सुटी त्याला लागून आली, तर मुलं वळून वळून पेटीपाशी जाऊ शकतात. सहावी ते आठवीसाठी नव्या शैक्षणिक धोरणानं सुचवलेले दप्तरमुक्त दिवस अशा कामालाच वापरावेत.

वेळापत्रकाचा प्रश्न मुळातूनच सोडवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम त्यांनी तयार केला आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानं त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करण्याचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे चार विभाग, आणि प्रत्येक विभाग प्रत्येक मुलाला आणि मुलीला. सूर्यचुलीसाठी ही शेवटची अट फार महत्त्वाची वाटते. नाहीतर करवत आणि मल्टिमीटर मुलग्यांकडे जातात, तांदूळ धुणं मुलींकडे येतं, आणि मुलगे वाफेचा हिशोब शिकत नाहीत, मुली आरशाचा कोन शिकत नाहीत. पाबळची दुसरी शिकवण म्हणजे केलेली वस्तू गावात कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे. कलबागांच्या आधी, १९३७ मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातातल्या उद्योगातून सगळे विषय शिकवण्याचा आग्रह धरला होता. ती नई तालीम सरकारी शाळांत टिकली नाही. पाबळचा अभ्यासक्रम टिकला, कारण त्यात हस्तकौशल्याबरोबर मोजमाप आणि हिशोब होता.

शाळेत सूर्यचुलीचा खरा उपयोगही आहे. घरच्या स्वयंपाकाला नडणारी दुपारची वेळ शाळेला सोयीची आहे. मोठी पेटी सगळ्या शाळेचा पोषण आहार शिजवू शकत नाही, पण मोड आलेली मटकी उकडणं, शेंगदाणे भाजणं, अंडी उकडणं एका वर्गापुरतं ती करते. पाणी ६५ अंशांवर काही वेळ राहिलं तरी त्यातले रोगजंतू मरतात, उकळायची गरज नसते. जिथे पिण्याचं पाणी संशयास्पद असतं तिथल्या शाळेत ही माहिती भाताइतकीच मोलाची. पण ढगाळ दिवशी अर्धवट तापून कोमट राहिलेलं अन्न टाकून द्यावं, तासन्‌तास कोमट राहिलेल्या अन्नातच जंतू वाढतात. मुलांनी वर्षभर केलेल्या कामाला एखाद्या पोटदुखीनं डाग लागू नये. काचेच्या कडा घासून, पट्टी लावून घ्याव्यात आणि डबा काढताना पकड वापरावी, १२० अंशांचा काळा पत्रा गरम आहे हे दिसत नाही.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं की टाकाऊ वस्तूंतून विज्ञान होतं, आणि सौरऊर्जेच्या इतिहासावर त्यांनी मुलांसाठी चित्रमय पुस्तकही लिहिलं. साहित्याची सबब त्यामुळे कुणालाच सांगता येणार नाही. इन्स्पायर-मानकसारख्या योजनेत निवड झालेल्या कल्पनेला १० हजार रुपये मिळतात, तेवढ्यात सगळ्या वर्गाच्या पेट्या होतील. कमी पडतं ते मूल्यमापन. वस्तू किती सुबक दिसते याला गुण मिळत राहिले तर मुलं सुबक वस्तूच करतील. अंतर्गत गुणांतला मोठा वाटा पहिल्या आणि दुसऱ्या पेटीच्या नोंदींना, आलेखांना आणि बदल का केला याच्या कारणांना द्यावा. दुसरी पेटी पहिलीपेक्षा वाईट निघाली तरी कारण नीट शोधलेलं असेल तर पूर्ण गुण द्यावेत.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्ष संपलं की पुठ्ठा भिजतो, काच कुणीतरी मागून नेतो, पेट्या मोडीत जातात, ते जाऊ द्यावं. तारीख, वेळ, उन्हाचा आकडा, आतलं-बाहेरचं तापमान आणि काय बदललं याची नोंदवही मात्र प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावी आणि जूनमध्ये नव्या नववीच्या हाती द्यावी. त्या मुलांना पहिली पेटी पुन्हा बांधावी लागणार नाही.